हमीचा कागद आणि रस्त्यावरचा मिस्त्री

दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघालं की तापीच्या काठावर सारंगखेडा लागतं. दत्तजयंतीला इथे मोठी यात्रा भरते आणि यात्रेसोबत घोड्यांचा बाजार. लांबलांबून घोडे येतात. घेणारा माणूस घोड्याचे दात बघतो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो, थोडं पळवून घेतो. मग एक प्रश्न हमखास विचारतो : खोड तर नाही ना? त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. उद्या खोड निघाली तर जबाबदार कोण?

दोंडाईच्यात किंवा धुळ्यात नवी मोटरसायकल घ्यायला गेलेला माणूसही हेच विचारतो. त्याला उत्तरादाखल एक छापील पुस्तिका मिळते. इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर वॉरंटी, असं तिच्यात लिहिलेलं असतं. अलीकडे सोबत ‘रोडसाइड असिस्टन्स’चं कार्डही देतात. गाडी रस्त्यात बंद पडली तर या नंबरवर फोन करा, आमचा माणूस येईल, असं त्यावर छापलेलं असतं.

विकलेल्या वस्तूची जबाबदारी आणि रस्त्यात अडकलेल्याला मदत ही दोन वेगळी वचनं आहेत. दोन्ही फार जुनी आहेत आणि दोन्हींच्या इतिहासात मुसलमानांचा, त्यातही आपल्या कारागीर जमातींचा, मोठा वाटा आहे. आज मात्र ही दोन वचनं एकमेकांच्या आड येऊ लागली आहेत. ती कशी, हे समजण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

ऐब आणि खियार

हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग येतो. प्रेषित मुहंमद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचं धान्य कोरडं होतं, आतलं ओलं लागलं. विक्रेत्याने पावसाचं कारण सांगितलं. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, म्हणजे लोकांना दिसलं असतं, असं प्रेषितांनी त्याला विचारलं आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असं बजावलं. धान्य भिजलं हा त्या माणसाचा दोष नव्हता. ते झाकलं, हा होता.

या तत्त्वावर पुढे फिकहच्या विद्वानांनी एक आख्खं प्रकरण रचलं. त्याचं नाव खियार-उल-ऐब, म्हणजे वस्तूत ऐब निघाल्यावर घेणाऱ्याला मिळणारा निवडीचा हक्क. बाराव्या शतकात बुरहानुद्दीन मरगीनानी यांनी लिहिलेल्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात ऐबची व्याख्या अगदी व्यवहारी आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्या गोष्टीमुळे मालाची किंमत उतरते, तो ऐब. घेताना माहीत नसलेला असा ऐब नंतर निघाला, तर घेणाऱ्याने वस्तू पूर्ण किमतीत ठेवावी किंवा परत करावी. दरम्यान त्याच्याकडे असताना वस्तूत आणखी दुसरा बिघाड झाला असेल, तर परत करता येत नाही, पण पहिल्या ऐबपुरता किमतीतला फरक मागता येतो.

या प्रकरणातला एक बारकावा मोटरसायकलवाल्याने मुद्दाम वाचावा असा आहे. समजा, घेतलेल्या जनावरात ऐब आहे हे कळल्यावरही मालक त्यावर बसून आपल्या कामाला गेला. तर त्याने ऐब मान्य केला असं धरलं जातं आणि परत करण्याचा हक्क जातो. पण विकणाऱ्याकडे परत न्यायला किंवा पाणी पाजायला तो त्यावर बसला, तर हक्क जात नाही. बिघडलेली गाडी चालवत सर्व्हिस सेंटरपर्यंत नेली म्हणून वॉरंटी गेली, असं कोणी म्हणालं तर काय, हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वी खेचराच्या आणि घोड्याच्या बाबतीत सुटलेला होता.

हे सगळं दूर फरगाण्यातलं, असं वाटेल. पण औरंगजेबाच्या आज्ञेने सतराव्या शतकात ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी कायद्याचा प्रचंड संग्रह तयार झाला, तेव्हा त्या विद्वानांच्या मंडळाचे प्रमुख होते शेख निजाम बुरहानपुरी. बुऱ्हाणपूर म्हणजे फारुकी सुलतानांपासूनची खानदेशची राजधानी. खरेदी-विक्रीचे हे नियम ज्यांनी हिंदुस्थानासाठी एकत्र आणले, त्यांच्या नावातच आपलं तापीकाठचं शहर आहे.

याचा अर्थ जुन्या काळी सगळा बाजार सचोटीचा होता असा नाही. नियम लिहावे लागतात, ते लबाडी असते म्हणूनच. अलाउद्दीन खिलजीच्या दिल्लीतल्या घोडेबाजाराचं वर्णन जियाउद्दीन बरनी याने केलं आहे. सुलतानाने घोड्यांची प्रतवारी ठरवली. पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंके, दुसरी आणि तिसरी प्रत त्याखाली. भाव फुगवणाऱ्या दलालांना त्याने कडक शिक्षा केल्या. शिवाय हनफी फिकहमध्येही एक पळवाट होतीच. ‘यातल्या कुठल्याही ऐबला मी जबाबदार नाही’ असं सांगून माल विकता येत असे आणि घेणाऱ्याने ते मान्य केलं की विषय संपला. आजच्या पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांतल्या अटींचा हा पूर्वज म्हणता येईल.

तरी या जुन्या व्यवस्थेची एक बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे. जबाबदार माणूस समोर असायचा. ज्याने विकलं त्याचा चेहरा, मोहल्ला, बाजारातली बसायची जागा घेणाऱ्याला ठाऊक असायची. तक्रार कोणाकडे न्यायची हे शोधावं लागत नसे.

सराई आणि नालबंद

आता दुसरं वचन, रस्त्यातल्या मदतीचं. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा मुघलकालीन व्यापारी रस्ता आपल्याच भागातून जात होता. नवापूर, नंदुरबार, मग तापीकाठचं थाळनेर, चोपडा आणि पुढे बुऱ्हाणपूर. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बैलगाड्यांवर आणि बैलांच्या पाठीवर या वाटेने उत्तरेला जाई. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए या वाटेने गेला. दगडगोट्यांनी आणि उष्णतेने बैलांचे खूर खराब होऊ नयेत म्हणून काही ठिकाणी त्यांना नाल मारावे लागतात, अशी नोंद त्याच्या प्रवासवर्णनात आहे.

हे नाल मारणारा तो नालबंद. महाराष्ट्रात नालबंद हे आजही मुसलमान कुटुंबांचं आडनाव आहे. घोड्याला नाल आणि बैलाला पत्री ठोकणं हा त्यांचा पिढीजात धंदा. मुक्कामाच्या गावी, बाजाराच्या तोंडाशी, सराईजवळ तो बसायचा. गाडीची धाव सैल झाली तर लोहार, आरा किंवा कणा मोडला तर सुतार, खुराला इजा झाली तर नालबंद. लांबच्या वाटेवरच्या गाडीवानाला ठाऊक असायचं की पुढच्या मुक्कामी यांतला कोणीतरी भेटणार. कुठल्याही राजाच्या फर्मानाशिवाय उभी राहिलेली ती रस्त्यावरच्या मदतीची साखळी होती. तिच्यात मुसलमान नालबंद होता, हिंदू लोहार आणि सुतारही होते. अडलेल्या गाडीवानाने कोणाची जात-जमात विचारून खूर पुढे केला नसेल.

या दोन्ही वचनांची खूण मराठी भाषेवर उमटलेली आहे. हमी, जामीन, जबाबदारी, करार, शर्त, खराबी, दुरुस्ती, कारागीर, रस्ता हे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला, त्याचा मूळ अर्थ उस्ताद. म्हणजे बिघडलेल्या गाडीपाशी उभं राहून आपण जे काही बोलतो, त्यातला निम्मा शब्दसंग्रह व्यापारी वाटांनी आणून दिलेला आहे.

विलायती कायद्याची वॉरंटी

इंग्रज आले आणि खरेदी-विक्रीचे नियम बदलले. इंग्लंडच्या जुन्या कायद्याचा कल ‘घेणाऱ्याने आपलं आपण बघून घ्यावं’ असा होता. विकणाऱ्याने स्पष्ट शब्दांत हमी दिली असेल तरच त्याला धरता येई. गंमत अशी की तिथेही हमीचे खटले गाजले ते घोड्यांचे. घोडा निरोगी आहे असं सांगून विकला आणि तो लंगडा निघाला, अशा भांडणांतून इंग्रजी न्यायालयांनी वॉरंटीचं शास्त्र घडवलं.

आपल्याकडे आधी १८७२च्या करार कायद्यात मालविक्रीची कलमं होती. ती काढून १९३० साली स्वतंत्र मालविक्री कायदा झाला, जो आजही लागू आहे. त्याच्या बाराव्या कलमात एक महत्त्वाचा भेद केलेला आहे. करारातली मूलभूत अट मोडली तर माल नाकारता येतो. पण ‘वॉरंटी’ मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. हिदायाने घेणाऱ्याच्या हातात परत करण्याचा हक्क आधी ठेवला होता. विलायती वॉरंटीत तो हक्क पडद्याआड गेला. आज नवी गाडी चारचार वेळा दुरुस्तीला जाते, पण बदलून किंवा पैसे परत मिळत नाहीत, त्याचं मूळ बऱ्याच अंशी या विचारात आहे.

रस्त्यावरच्या मदतीचंही याच काळात रूप बदललं. १९०३ साली जर्मनीत श्टुटगार्टला मोटरसायकलस्वारांनी आपली संघटना काढली. तीच पुढे १९११मध्ये नाव बदलून ‘आडाक’ झाली आणि आज ती युरोपातली सर्वांत मोठी वाहनचालक संघटना आहे. रस्त्यावरच्या मदतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या संघटनेची सुरुवात मोटरवाल्यांनी नव्हे, तर दुचाकीवाल्यांनी केली होती. १९०५मध्ये लंडनला ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली. मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. पण मुंबईतली मोटर तेव्हा मूठभरांची होती. खानदेशातल्या माणसाकडे अजून बैलगाडी किंवा सायकल होती आणि त्यांच्यासाठी लोहार, नालबंद आणि नव्याने निघालेला सायकलवाला पुरेसा होता.

प्लग, पॉइंट आणि क्लचवायर

स्वातंत्र्यानंतर देशात दुचाकी बनू लागल्या. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. म्हैसूरमध्ये आयडियल जावाचा कारखाना निघाला, तिचीच पुढे १९७३पासून येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत खेड्यापाड्यांत पोचली, दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे ती वापरायचे. १९७२मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. तिला पायडल होते. बंद पडली तर सायकलसारखी मारत घरी न्यायची, एवढी रोडसाइड असिस्टन्स तिच्या अंगातच होती.

या गाड्या विकल्या जायच्या शहरात आणि बंद पडायच्या गावाकडे. जावा, येझदी, राजदूतला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. मिश्रण चुकलं की प्लगवर काजळी धरायची. पॉइंटमधलं अंतर बिघडायचं, क्लचवायर तुटायची, चेनचं लॉक उडायचं. प्रत्येक गावात कोणीतरी हे शिकून घेतलं. पॉलिश पेपरने प्लग घासायचा, पॉइंटमधलं अंतर ब्लेडच्या जाडीने जमवायचं, कार्बोरेटरच्या जेटमध्ये बारीक तार फिरवायची, क्लचवायर तुटलीच तर क्लचशिवाय गिअर टाकत गाडी कशी न्यायची हे गिऱ्हाइकाला शिकवायचं. सायकलचं दुकान हळूहळू गॅरेज झालं. नालबंद, शिकलगार, लोहार, पिंजारी अशा घरांतली पोरं, ज्यांचे बापजाद्यांचे धंदे यंत्रांनी आणि ट्रॅक्टरने खाल्ले होते, ती या गॅरेजांत ‘छोटू’ म्हणून शिरली आणि उस्ताद होऊन बाहेर पडली.

दोंडाईचा हे त्यासाठी अगदी जमून आलेलं गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन, मिरचीचा मोठा बाजार, नंदुरबार, शहादा, शिंदखेडा, धुळे अशा चारही दिशांना फुटणारे रस्ते. मिरचीच्या हंगामात गाड्यांची ये-जा वाढते, तशी गॅरेजांतली कामंही. अशा गावात मिस्त्री हा धंदा करणारा माणूस असतो, तसाच तो वाटेवरचा आधारही असतो. कुठल्या वळणावर गाडी बंद पडली आहे एवढं कोणीतरी सांगितलं की तो पान्यांची पिशवी घेऊन निघतो. गाडी चालू होत नसेल तर दुसऱ्या गाडीवरून मागे पाय लावून ढकलत नेतो, नाहीतर दोर बांधून टोचन करतो.

१९८५मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० आली आणि चित्र पालटायला लागलं. कमी पेट्रोल पिणारी, ऑइल मिसळायला न लागणारी, सहसा बंद न पडणारी गाडी. पुढच्या दोन दशकांत मोटरसायकल ही चैन राहिली नाही. शेतकरी, मास्तर, फेरीवाला, बांगडीवाला, सगळ्यांच्या पोटाची ती सोय झाली. आणि गाड्या विकण्याची चढाओढ वाढली तशी वॉरंटीही वाढत गेली.

जवळचा हात, लांबचा फोन

वॉरंटीसोबत एक अट आली. गाडी फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच उघडायची. बाहेरच्याने हात लावला तर वॉरंटी रद्द होऊ शकते. अटीमागे काही कारण नाही असं नाही. चुकीचं ऑइल, नकली पार्ट, आडदांड दुरुस्ती याने इंजिन खराब होतं आणि त्याचा भुर्दंड कंपनीने का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. पण या अटीचा परिणाम रस्त्यावर काय होतो, ते मी अनुभवलं आहे.

माझी गाडी सात महिन्यांची होती. चिमठाण्याच्या पुढे, दोंडाईच्याकडे येताना, दिवेलागणीच्या सुमारास डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी थांबली. कार्डावरचा नंबर लावला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग लांबच्या शहरातली एक मुलगी. ती अदबीने बोलत होती, पण तिला चिमठाणे ठाऊक नव्हतं. पिनकोड सांगा, लँडमार्क सांगा. शेतात कसला लँडमार्क? विहीर आणि बाभूळ सांगितली. थोड्या वेळाने मेसेज आला की तंत्रज्ञ अडीच तासांत पोचेल. मग दुसरा मेसेज आला की अंतर मर्यादेबाहेर असल्यामुळे जादा आकार पडेल.

तेवढ्यात एक शेतकरी थांबला. “काय व्हयनं भाऊ?” त्याने फोन करून जवळच्या गावातला मिस्त्री बोलावला. पंचेचाळीस-पन्नाशीचे चाचा, वीस मिनिटांत हजर. त्यांनी बॅटरीची टर्मिनलं हलवून पाहिली, फ्यूज बघितला, साइड स्टँडचा स्विच तपासला. गाडी चालू झाली नाही. मग ते मागे सरले. म्हणाले, “बेटा, इसके आगे खोलूंगा तो तेरी वारंटी जाएगी. और सच बोलूं तो इसमें कंप्यूटर लगता, वो मेरे पास नहीं.” टेम्पोची व्यवस्था त्यांनीच केली. पैसे विचारले तर पेट्रोलपुरते घेतले.

ज्याने लेखी हमी दिली होती, तो वेळेवर पोचू शकला नाही. जो पोचला, त्याला हात लावायची मुभा नव्हती. जबाबदारी एका हातात आणि मदत दुसऱ्या हातात, अशी ही फाळणी आहे. नालबंदाच्या काळात असा प्रश्न कधी आलाच नसता.

कुलूपबंद ज्ञान

चाचांनी सांगितलेली कंप्युटरची गोष्ट याहून खोल आहे. १ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-सहा मानकं लागू झाली. धूर कमी व्हावा हा त्यामागचा हेतू चांगलाच होता आणि खोकणाऱ्या शहरांना त्याची गरजही होती. पण त्यासोबत बहुतेक मोटरसायकलींतला कार्बोरेटर गेला आणि फ्यूएल इंजेक्शन आलं. सेन्सर आले, त्यांच्यावर नजर ठेवणारा कंट्रोल युनिट आला. बिघाड कुठे आहे, हे आता कानाने आणि हाताने कळत नाही. स्कॅनर जोडून कोड वाचावा लागतो. तो स्कॅनर, त्यातलं सॉफ्टवेअर आणि कोडचा अर्थ सांगणारी पुस्तकं बऱ्याचदा कंपनीच्या अधिकृत साखळीतच फिरतात.

तारेने जेट साफ करणारा उस्ताद अडाणी झाला नाही. ज्या ज्ञानावर त्याचा धंदा उभा होता, त्याला कुलूप लागलं आणि किल्ली शहरात राहिली. हे कुलूप उघडण्यासाठी जगभर भांडण चालू आहे. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने सांगितलं की एखादा ठरावीक ब्रँडचा पार्ट किंवा ठरावीक ठिकाणची सर्व्हिस फुकट दिली जात नसेल, तर तिची सक्ती करून वॉरंटी बांधता येणार नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी एका ग्राहकाच्या तक्रारीवरून मोठा निकाल दिला. चौदा कारकंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या मिस्त्र्यांना मिळू देत नाहीत, असं आयोगाला आढळलं. त्याने सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवर बोट ठेवलं. पुढे अपिलात दंडाच्या हिशेबावर वाद झाला. पण बाहेरच्या मिस्त्र्यालाही बाजारात जागा आहे, हे तत्त्व कागदावर आलं. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टल सुरू केलं. निकाल कारचा होता, पोर्टल माहितीपुरतं आहे. मोटरसायकलवाल्यासाठी स्पष्ट कायदा अजून हवा आहे.

हातात असलेले हक्क

तोवर जे हातात आहे ते वापरायला हवं. पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू करणाऱ्या बिंदुमाधव जोशी यांच्यासारख्यांच्या चळवळीतून वातावरण तयार झालं आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहर उमटली. त्याची जागा घेणारा २०१९चा कायदा २० जुलै २०२०पासून लागू आहे. त्यातली एक तरतूद आपल्यासारख्या लहान गावांतल्या लोकांसाठी मोलाची आहे. तक्रार आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, दोंडाईच्याचा माणूस धुळ्यात दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते.

या कायद्यात ‘सेवेतली त्रुटी’ हा स्वतंत्र मुद्दा आहे. रस्त्यावरच्या मदतीचं वचन देऊन ती न देणं त्यात येतं. उत्पादकाने दिलेली स्पष्ट हमी पाळली गेली नाही आणि त्यातून नुकसान झालं, तर त्यात आपला निष्काळजीपणा नव्हता असं म्हणून त्याला सुटता येत नाही. एकतर्फी, अन्यायकारक करारही या कायद्याने ओळखले आहेत. म्हणून फोन केल्याची वेळ, आलेले मेसेज, डॅशबोर्डवरच्या दिव्याचा फोटो, टेम्पोची पावती हे सगळं जपून ठेवा. मिस्त्र्याने काय तपासलं आणि काय उघडलं नाही, हे दोन ओळींत लिहून घ्या. खरेदीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

‘पंक्चरवाला’

शेवटी ज्या शब्दासाठी हा इतिहास मांडावासा वाटला, तो शब्द. मुसलमानाला हिणवायचं असलं की ‘पंक्चरवाला’ म्हणतात. सोशल मीडियावर तर ती रोजची शिवी झाली आहे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं होतं की मुसलमान कामगार स्वयंरोजगारात मोठ्या प्रमाणावर आहेत आणि वाहनदुरुस्ती हे त्यांच्या ठळक धंद्यांपैकी एक आहे. नोकरीची दारं अरुंद होती, भांडवल नव्हतं, शिक्षण सुटलं होतं. त्यातून पोरं गॅरेजकडे वळली हे खरं आहे आणि ते बदलायलाच हवं. मिस्त्र्याच्या मुलीने इंजिनिअर व्हावं, कलेक्टर व्हावं. पण त्यासाठी तिच्या बापाच्या धंद्याची लाज वाटण्याचं काही कारण नाही. सुरत-बुऱ्हाणपूरच्या वाटेवर बैलाचा खूर हातात धरणाऱ्यापासून चालत आलेलं ते काम आहे. त्याच्यावर हसणाऱ्याची गाडीही एखाद्या रात्री कुठल्या तरी बाभळीखाली बंद पडणार असते.

आपल्या जमातीने या बाबतीत नुसती तक्रार करत बसू नये. जमातच्या संस्था, ट्रस्ट, शिकलेली मंडळी लग्नाच्या हॉलवर आणि जलशांवर पैसा खर्च करतात. त्यातला थोडा भाग वापरून तालुक्याच्या गावी चार गॅरेजांत मिळून एक स्कॅनर घेता येईल. आयटीआयमधल्या मोटर मेकॅनिक शिक्षकांना बोलावून इंजेक्शन प्रणालीचे वर्ग घेता येतील. तरुण मिस्त्र्यांना त्यांच्या कौशल्याचं सरकारी प्रमाणपत्र मिळवून देता येईल. कंपन्यांकडेही एक साधी मागणी करता येईल. रोडसाइड असिस्टन्सचा माणूस अडीच तास लांबून आणण्यापेक्षा चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा इथल्या मिस्त्र्यांना तपासून तुमच्या यादीत घ्या, त्यांना शिकवा, त्यांच्या प्राथमिक दुरुस्तीने वॉरंटी जाणार नाही असं पुस्तिकेत छापा. कंपनीचा खर्च वाचेल, गिऱ्हाइकाची रात्र वाचेल आणि मिस्त्र्याचा धंदाही.

हिदायाच्या काळात ऐबची जबाबदारी विकणाऱ्यावर होती आणि तो हाकेच्या अंतरावर होता. आता विकणारा लांब गेला आहे. त्याला परत हाकेच्या अंतरावर आणण्याचा मार्ग आपल्याच गावच्या गॅरेजातून जातो.